तिसऱ्या शेडचा पत्ता

मंगळवारी ब्रॅम डाइकेमा आमच्या मत्स्यबीज केंद्रात आला तेव्हा नेटवर्कवर बेचाळीस यंत्रं होती. बुधवारी तो म्हणाला, एक्केचाळीस. मी म्हणाले, बेचाळीस. तो हसला. हसणाऱ्या माणसाशी मी वाद घालत नाही, फक्त तारीख टाकून ठेवते.

माझं काम नोंदीचं. कुठल्या टाकीत किती पिल्लं, त्यांनी किती खाल्लं, किती मेली. अठरा वर्षं हेच करते आहे, त्यामुळे माणसंही मला नोंदवहीत बसवल्याशिवाय चैन पडत नाही. आमची प्रमुख मार्गो लाप्लांट घाबरली की आवाज खाली आणते. दुरुस्तीवाला रेनो लाहती घाबरला की विनोद करतो. ब्रॅमचं पान अजून कोरं होतं. मुख्य कचेरीनं त्याला पुलापलीकडून, दक्षिणेतून पाठवलं होतं. आमचं नेटवर्क म्हणजे वीस वर्षांची अडगळ आहे आणि ती साफ करायची आहे, असं त्यानं पहिल्या कॉफीलाच सांगितलं. माझ्या हातचा नीसू, म्हणजे वेलदोडा घातलेला गोड फिनिश पाव, त्यानं दोनदा मागून घेतला. एवढं त्याच्या जमेच्या बाजूला.

रेनो तेव्हाच मला म्हणाला, "बघ आयनो, पुलापलीकडून आलेली माणसं घर झाडायला घेतात आणि म्हातारीला कचऱ्यात टाकून मोकळी होतात."

"गप रे. पाव खाल्लाय त्यानं आपला."

"म्हणून तर. खाल्ल्या घरचे वासे मोजायला आलाय."

गुरुवारी सकाळी नऊ वाजता मी तिसऱ्या शेडमध्ये गेले आणि वासे मोजायचं भान राहिलं नाही. चारही टाक्यांतली पिल्लं वर आली होती. स्टर्जन हा तळाशी राहणारा मासा. तो चिखलाला नाक लावून जगतो. चार बोटांएवढी ती पिल्लं पाण्याच्या पृष्ठभागाला तोंड लावून उघडझाप करत होती. रोज सकाळी दोन किंवा तीन मेलेली निघतात. त्या दिवशी मी एका टाकीतून एकोणीस काढली. मीटर पाहिला. पाण्यात ऑक्सिजन आठ असायला हवा, तो पाचच्या खाली होता.

मी मार्गोला हाक मारली. ती आली, पाण्यात बघितलं आणि आवाज खाली आणला.

"किती आहेत सगळी?"

"काल संध्याकाळी अकरा हजार दोनशे साठ."

आकडा तिलाही पाठ होता. ह्या वसंतात नदीत एकच मादी सापडली होती. एक. ती पुन्हा अंडी घालणार ती चार-पाच वर्षांनी, आणि तेव्हा ती आमच्याच जाळ्याजवळून जाईल असं तिनं कुणाला लिहून दिलेलं नाही. त्या नदीत स्टर्जन परत आणायचं आमचं जे काय काम आहे, ते ह्या वर्षी त्या चार टाक्यांत होतं. दुसरीकडे कुठेच नव्हतं.

बिघाड कळायला वेळ लागला नाही. शेडमध्ये भिंतीवर एक राखाडी डबा आहे. त्याला पडदा नाही, बटण नाही, एक हिरवा दिवा आणि एक तार. द्रवरूप ऑक्सिजनच्या टाकीवरचा व्हॉल्व्ह तो उघडतो आणि मिटतो. किती उघडायचा, हे त्याला ऑफिसातला संगणक सांगतो. नऊ वर्षांपूर्वी क्लेटन हर्स्ट नावाच्या कंत्राटदारानं तो बसवला आणि त्याला असं शिकवून ठेवलं, की दोन दिवस वरून काही निरोप आला नाही तर समज शेड रिकामी आहे, व्हॉल्व्ह मिटत आण, ऑक्सिजन वाया घालवू नकोस. हिवाळ्यात शेड खरंच रिकामी असते. हुशार माणूस होता क्लेटन. गेल्या वर्षी वारला.

मंगळवारी ब्रॅमनं ऑफिसातला संगणक बदलला होता. जुन्याची डिस्क पुसून तो भंगारात दिला होता. नव्यावर पहिली आणि दुसरी शेड हिरवी दिसत होती, तिसरीचा चौकोन राखाडी. मी बुधवारी दाखवला होता. "येईल हळूहळू," असं तो म्हणाला होता.

आणि बेचाळिसावं यंत्र ते हेच.

डब्याला वळसा देऊन हातानं ऑक्सिजन सोडायचं एक बायपासचं चाक होतं, ते गंजून बसलं होतं. रेनोनं त्याला पाइप लावून जोर दिला तशी दांडी तुटून त्याच्या हातात आली. ती त्यानं सगळ्यांना दाखवली. "घ्या, टाकी उघडली नाही, पण काठी मिळाली म्हातारपणाला." कुणी हसलं नाही. ऑक्सिजनची नळी कापून जोड द्यायचा विचार त्यानंच काढला आणि त्यानंच मोडला. एक ठिणगी, की मासेही नाहीत आणि मोजणारेही नाहीत. दोन हातसिलिंडर होते, त्यातला एक उघडून नळ्या टाक्यांत सोडल्या. मी हिशेब केला. पहिला बारापर्यंत, दुसरा जेमतेम दोनपर्यंत. पुरवठादाराची गाडी चार तासांवर होती आणि ती सकाळीच दुसरीकडे निघून गेली होती.

मार्गो ब्रॅमला म्हणाली, "त्या डब्याशी बोला. आणखी काही नको. त्याला उघड म्हणून सांगा."

"त्याचा पत्ता माहीत नाही," ब्रॅम म्हणाला. "शोधावा लागेल."

ते शोधणं म्हणजे काय, ते मी त्या दिवशी शिकले, तेवढंच सांगते. नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता असतो. पुढचे आकडे म्हणजे गल्ली, शेवटचा म्हणजे घर. गल्लीला ही माणसं सबनेट म्हणतात. गल्लीत उभं राहून हाक मारली की त्याच गल्लीतली घरं ओ देतात. दुसऱ्या गल्लीतला, एकाच तारेवर चार फुटांवर बसलेला असला तरी, ढिम्म. आधी आपल्या संगणकाच्या कार्डाला, म्हणजे त्याच्या नेटवर्कच्या जोडणीला, त्या गल्लीतला पत्ता घ्यायचा, मग हाक मारायची, ह्याचं नाव स्कॅन. ब्रॅमनं मंगळवारी स्वतःच्या गल्लीत उभं राहून हाक मारली होती, एक्केचाळीस जणांनी ओ दिली होती, आणि ज्यानं दिली नाही तो त्याच्या लेखी जन्मालाच आला नव्हता.

त्यानं लॅपटॉप डब्याखालच्या स्टुलावर ठेवला, डब्याची तार काढून थेट लॅपटॉपला लावली आणि सुरुवात केली. एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक. कार्डाला पत्ता, हाक, काही नाही. मग दोन. मग तीन. अशा दोनशे छप्पन्न गल्ल्या, प्रत्येकीला अर्धं मिनिट.

मार्गोनं क्लेटनच्या बायकोला फोन लावला. फोन ठेवून ती आमच्याकडे वळली.

"कागद होते त्याचे," ती म्हणाली. "दोन खोकी. हिवाळ्यात सौनाच्या, वाफेच्या न्हाणीघराच्या, भट्टीत पेटवणाला वापरले."

"चांगले जळले का विचारलंस?" रेनो म्हणाला.

"रेनो."

"नाही, आपल्या कामाला नाही आले तर निदान कुणाच्या तरी पाठीला शेक लागला म्हणायचं."

साडेअकराला दोनशे छप्पन्न गल्ल्या संपल्या. मीटर चार पूर्णांक तीनवर होता. मेलेल्यांची माझी बादली दुसरी होती. आणि ब्रॅमनं पुन्हा एकपासून सुरुवात केली.

मी त्याच्याकडे बघत होते. अठरा वर्षं मी हरवलेल्या वस्तू शोधणारी माणसं पाहिली आहेत. शोधणारा माणूस जिथे बघतो तिथे डोळे फाडून बघतो. ब्रॅम पडद्याकडे बघतच नव्हता. तो कळा दाबायचा आणि टाक्यांकडे बघायचा, मग पायांकडे. घाम गळ्यावर नव्हता, कानामागे होता.

मी त्याच्याजवळ गेले. "परत एकपासून का?"

"कधीकधी पहिल्या वेळी ओ देत नाहीत, बाई."

"तुम्ही शोधत नाही आहात. तुम्ही शोधताना दिसताय."

त्यानं आणखी एक कळ दाबली. मी थांबले. माणसाला बोलतं करायचं असेल तर आपण गप्प राहावं; समोरचा बहुधा पाचव्या श्वासाला बोलतो. ब्रॅम तिसऱ्यालाच बोलला.

"जुन्या संगणकाच्या कार्डावर दोन पत्ते होते," तो म्हणाला. "एक आपल्या गल्लीतला. दुसरा वेगळाच. मला वाटलं कुणीतरी कधी काळी विसरलेला कचरा. पुसला."

"कुठला होता?"

"दहानं सुरू होणारा. पुढचं लक्षात नाही. लिहून नाही घेतलं."

"दहानं सुरू होणारा," मी म्हणाले. "आणि तुम्ही अडीच तास एकशे ब्याण्णवच्या गल्ल्या झाडताय."

"आठवेल असं वाटलं होतं. आठवलं की तिकडे वळायचं, मग कुणाला काही…"

वाक्य त्यानं पुरं केलं नाही. गरजच नव्हती. मागे रेनो पाना घेऊन उभा होता, त्यानं सगळं ऐकलं होतं. मी त्याच्या विनोदाची वाट पाहिली. त्यानं पाना हळूच जमिनीवर ठेवला आणि टाकीकडे निघून गेला. तो विनोद न करता गेल्याची माझ्याकडे दुसरी नोंद नाही.

मार्गोला सांगावं लागलं. तिनं ब्रॅमकडे पाहिलंही नाही. "दहाच्या गल्ल्या किती?" एवढंच विचारलं.

"पासष्ट हजार," ब्रॅम म्हणाला.

मी वहीच्या मागच्या पानावर भागाकार केला. अर्ध्या मिनिटाला एक, तर बावीस दिवस आणि वर अठरा तास.

"दुसरा मार्ग आहे," ब्रॅम म्हणाला. आता तो पडद्याकडे बघत होता, आणि आता खरंच घामाघूम झाला होता. "आपण हाक मारायची नाही. ऐकायचं. यंत्र चालू होतं तेव्हा एकदा स्वतःचा पत्ता ओरडतं. हा माझा आहे, दुसऱ्या कुणी घेतला नाही ना, असं विचारतं. एकदाच. तेवढं कानावर पडलं की झालं."

"मग करा चालू."

"चालूच आहे तो. आधी बंद करावा लागेल."

रेनो टाकीजवळूनच बोलला, "बंद केला की व्हॉल्व्ह ठप्प मिटतो. वसंतात वीज गेली तेव्हा पाहिलंय. परत जागा व्हायला चार मिनिटं घेतो. आत्ता येतंय ते थेंबभरही तेवढा वेळ येणार नाही."

पहिला सिलिंडर बारा वाजून दहा मिनिटांनी संपला होता. मीटर तीन पूर्णांक आठ.

मार्गो म्हणाली, "पहिल्या दोन शेडच्या टाक्या दुसऱ्या माशांनी भरल्यात. दुसरा उपाय म्हणजे नदी. आत्ता सोडली तर?"

"ह्या अंगाची पिल्लं?" मी म्हणाले. "दहातली नऊ पाईक मासे खातील. खुणेची चकती पण घातलेली नाही. राहिलेलं दहावं आपलं, हे पुढे कुणाला कळणारही नाही."

मार्गोनं डोळे मिटून घेतले, उघडले. "बंद करा," ती इतक्या हळू म्हणाली, की रेनोनं तिच्या ओठांवरून समजून घेतलं असावं. त्यानं खटका ओढला. हिरवा दिवा गेला. दहा मोजून त्यानं परत वर केला.

चार मिनिटं मी घड्याळ धरून उभी होते. दुसऱ्या मिनिटाला पिल्लांचं तोंड उघडणं मंद झालं. तिसऱ्याला काही कलंडली. पांढरी पोटं वर. कलंडलेल्यांना मेलेलं लिहायचं नसतं, शेपूट हलतं का पाहावं लागतं. मी शेपट्या पाहत होते. चौथ्या मिनिटाला दिवा हिरवा झाला.

"आला का?" मार्गो.

ब्रॅम पडद्यावर बोट फिरवत होता. वरून खाली, खालून वर. "नाही," तो म्हणाला. "दहाचा एकही नाही. नाही आला."

मीटर दोन पूर्णांक नऊ.

"रेनो," मार्गो म्हणाली, "बादल्या. पहिली आणि दुसरी टाकी नदीत."

रेनो धावला. साठ वर्षांचा माणूस, गुडघ्याचं ऑपरेशन झालेला, दोन हातांत दोन बादल्या घेऊन उतारावरून धावत होता. मार्गो त्याच्या मागे. मीही जाणार होते, पण माझ्या हाताला जडलेली सवय वाईट. ब्रॅमच्या पडद्यावर जी यादी आली होती ती मी उतरवून घेऊ लागले. काही उपयोगाची नसली तरी, काय आलं होतं हे कुठेतरी असावं. स्वयंपाकघरातला प्रिंटर. मार्गोचा फोन. फाटकावरचा कॅमेरा. माझा फोन.

मी थांबले.

"ब्रॅम. ह्या तारेच्या दुसऱ्या टोकाला काय आहे?"

"डबा."

"फक्त डबा?"

"फक्त डबा. थेट लावलीय."

"मग तारेवर माझा फोन कुठून आला? तो माझ्या खिशात आहे."

त्यानं यादीकडे पाहिलं. त्याचा चेहरा मी कितीतरी वेळा आठवते आणि दरवेळी नको वाटतं. लॅपटॉपला दोन कार्डं असतात, एक तारेचं, एक बिनतारी. ऐकायचा प्रोग्रॅम उघडला की तो यादीतलं पहिलं कार्ड धरतो, आणि पहिलं होतं बिनतारी. डब्यानं तारेवर आपला पत्ता ओरडून सांगितला होता. ब्रॅम खिडकीतून सगळ्या गावाचं बोलणं ऐकत बसला होता, आणि दारात उभ्या माणसाचं राहून गेलं होतं.

"मी बघितलंच नाही," तो म्हणाला. "रोज करतो हे काम. बघितलंच नाही कुठलं कार्ड ते."

"आता बघा."

त्यानं बिनतारी कार्ड बंदच करून टाकलं. प्रोग्रॅमला तारेचं कार्ड दिलं, मला बोट ठेवून दाखवलं, आणि मी ते नाव मोठ्यानं वाचलं. मग मी दारात जाऊन मार्गोला हाक मारली.

ती ओली, धापा टाकत आली. काय झालं ते मी दोन वाक्यांत सांगितलं. तिनं पहिल्यांदा ब्रॅमकडे सरळ पाहिलं.

"पुन्हा चार मिनिटं?"

"हो."

"ह्या वेळी ऐकू येईल?"

ब्रॅम हो म्हणाला असता तर मला वाटतं तिनं त्याला हाकललं असतं. तो म्हणाला, "ओरडला तर ऐकू येईल. तो ओरडेलच हे मी नाही सांगू शकत."

"आयनो, तिसरीत आणि चौथीत जिवंत किती?"

"निम्मी असतील. सरळ पोहणारी त्याहून कमी."

"दोन्ही नदीत न्यायला किती वेळ?"

"अर्धा तास. तोवर सिलिंडरही नाही."

रेनो रिकाम्या बादल्या घेऊन आत आला आणि तिच्याकडे बघत राहिला. तिनं मान हलवली. त्यानं बादल्या ठेवून खटका ओढला.

पुन्हा चार मिनिटं. मार्गो हातानं पाणी ढवळत होती. त्यानं हवा किती मिसळते हे तिला माझ्याहून चांगलं माहीत आहे, तरी ढवळत होती, कोपरापर्यंत हात घालून. रेनोनंही चौथ्या टाकीत हात घातला. माझ्या एका हातात घड्याळ होतं. दुसरा मी तिसऱ्या टाकीत घातला, तर बोटांमध्ये पिल्लं आली, आणि त्यातली बरीच बोटांना बाजूला सरतही नव्हती.

तीन मिनिटं चाळीस सेकंदांवर पडद्यावर एक ओळ आली. एकच.

"दहा, सत्त्याहत्तर, दोनशे तेरा, नऊ," मी वाचलं. पुन्हा वाचलं. ब्रॅमनं तारेच्या कार्डाला त्याच गल्लीतला पत्ता दिला, शेवटी पन्नास. घाईत दोनशे तेराचं दोनशे एकतीस झालं. मी म्हणाले, "तेरा." त्यानं पुसून तेरा केलं. हाक मारली. डब्यानं ओ दिली.

"ही गल्ली का घेतली असेल त्यानं?" रेनो कुणालातरी म्हणाला. क्लेटनकडून आता कोण विचारून आणणार.

पडद्यावर डब्याचं पान उघडलं, ब्रॅमनं व्हॉल्व्हचा आकडा शंभरवर नेला आणि भिंतीमागे नळी शिट्टी मारल्यासारखी वाजायला लागली. वेळ मी लिहिली, एक वाजून सत्तावीस मिनिटं.

व्हॉल्व्ह उघडला म्हणजे मासे वाचले असं नसतं. मीटर चढायला लागतो, आपल्याला हायसं वाटतं, आणि घुसमटलेली पिल्लं पुढे दोन-तीन तास उलटतच राहतात. मीटर सहावर गेला, सातवर गेला, आणि मी बादली भरत होते. ब्रॅमनं ऑफिसातल्या नव्या संगणकाला तो दुसरा पत्ता परत दिला, तिसऱ्या शेडचा चौकोन हिरवा झाला. मग तो शेडमध्ये आला, बाह्या वर केल्या आणि न विचारता माझ्या बाजूला बसून मेलेली मोजायला लागला. त्याच्या दहाच्या ढिगात मला एकदा नऊ सापडली, एकदा अकरा. मी काही म्हटलं नाही, तोच परत मोजायचा.

"नदीतली किती जगतील?" त्यानं विचारलं.

"मोजता येत नाहीत ती."

"अंदाजे?"

"अंदाज मी लिहीत नाही."

साडेचारला तिसऱ्या आणि चौथ्या टाकीत मिळून सरळ पोहणारी एक हजार आठशे चार होती. मार्गो सहीला आली. मृत्यूच्या तक्त्यात शेवटी कारणाचा रकाना असतो. ती रकान्याकडे बघत आवाज खाली आणून म्हणाली, "उष्मा लिही आयनो. मुख्य कचेरीला केंद्र बंद करायला निमित्तच हवंय. नेटवर्क म्हटलं की ते म्हणतील, ह्यांना यंत्रं सांभाळता येत नाहीत."

तिचं चूक नव्हतं. पाणी गरम होतंच. उष्मा लिहिला असता तर खोटंही झालं नसतं. मी पेन टेकवला.

"बाई," ब्रॅम म्हणाला. त्याच्या हातात एक पिल्लू होतं, त्याचं शेपूट हलतंय का ते तो बघत होता. "कार्डावरचा दुसरा पत्ता पुसला, नोंद ठेवली नाही, असं लिहा. आणि सकाळपासून माहीत होतं, तेही लिहा. केंद्राचं नाव नको, माझं घाला."

"तुमची नोकरी जाईल," मार्गो म्हणाली.

"जाईल."

रेनो बादल्या धूत होता, त्याचा नळ थांबला. मी मार्गोकडे पाहिलं. मग माझ्या हातातला पेन तिनंच घेतला, त्याचं नाव विचारून अक्षरं बरोबर आहेत ना ते पाहिलं, कारणाच्या रकान्यात दोन ओळी लिहिल्या आणि खाली सही केली.

ब्रॅमनं ते पिल्लू परत पाण्यात सोडलं. ते थोडं बाजूला झुकलं, मग तळाकडे गेलं.

"हे कुठल्या रकान्यात?" त्यानं विचारलं.

"उद्या सकाळी सांगते," मी म्हणाले, आणि चौथ्या टाकीवर गेले. तिथे अजून उलटत होती.